‘लॅप्स’ आणि ‘खालसा’ : राज्यसमाप्तीच्या इंग्रजी परिभाषेचा इतिहास (१८१८–१९७१)

प्रस्तावना

एखादी गोष्ट संपविणे किंवा संपली असे जाहीर करणे, यासाठी इंग्रजी भाषेजवळ मोठा शब्दसंग्रह आहे. ‘एंड’ हा त्या भाषेच्या जुन्या जर्मानिक थरातील शब्द. ‘फिनिश’ आणि ‘सीझ’ हे इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेले. ‘टर्मिनेट’ थेट लॅटिनमधून घेतलेला. वकिलांनी या संग्रहात स्वतःची भर घातली. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून लिहिण्याची त्यांची जुनी सवय आहे. ‘नल अँड व्हॉइड’, ‘सीझ अँड डिटर्मिन’ ही तिची परिचित उदाहरणे. यातील ‘डिटर्मिन’ म्हणजे व्यवहारात ‘ठरविणे’. परंतु भाडेपट्ट्याच्या दस्तऐवजात तोच शब्द ‘संपणे’ या अर्थाने येतो. इंग्रजी जाणणारा वाचकही तेथे क्षणभर अडखळतो.

ही परिभाषा ईस्ट इंडिया कंपनीबरोबर हिंदुस्थानात आली आणि येथे तिने भाडेपट्टे नव्हे, तर राज्ये संपविली. इ.स. १८१८ ते १८५६ या काळातील कंपनीचे तह, मिनिटे आणि खलिते वाचताना असे दिसते की, प्रत्येक वेळी एकच क्रियापद वापरलेले नाही. कोठे राज्य ‘सीड’ केले गेले, कोठे राजा ‘डिपोज’ झाला, कोठे इनाम ‘रिझ्यूम’ झाले, कोठे संस्थान ‘लॅप्स’ झाले. हे केवळ शैलीचे वैविध्य नाही. राज्य कोणी संपविले, या प्रश्नाला यातील प्रत्येक शब्द निराळे उत्तर देतो. आणि ‘लॅप्स’ हा शब्द तर तो प्रश्नच उपस्थित होऊ देत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः या एका शब्दाचा, आणि त्याला मराठीने दिलेल्या ‘खालसा’ या प्रतिशब्दाचा विचार केला आहे.

‘लॅप्स’ची पूर्वपीठिका

‘लॅप्स’ हा शब्द ‘घसरणे, निसटणे’ अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. इंग्लंडमध्ये त्याचा कायदेशीर वापर प्रथम चर्चच्या व्यवहारात रूढ झाला. एखाद्या गावच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क तेथील जमीनदाराकडे असे. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत त्याने नाव सुचविले नाही, तर तो हक्क त्या खेपेपुरता ‘लॅप्स’ होऊन बिशपकडे जाई. बिशपनेही दिरंगाई केल्यास आर्चबिशपकडे आणि अखेरीस राजाकडे जाई. दुसरा वापर मृत्युपत्रांच्या कायद्यातील. ज्याच्या नावे देणगी लिहिली तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच मरण पावला, तर ती देणगी ‘लॅप्स’ होते. दोन्ही ठिकाणी कोणी कोणाचे काही हिरावून घेत नाही. मुदत टळते किंवा माणूस मरतो, आणि हक्क आपोआप गळून पडतो. आजही महाविद्यालयांतून ‘अनुदान लॅप्स झाले’ किंवा ‘रजा लॅप्स झाली’ असे म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. ३१ मार्च उलटून गेला. दोष असलाच तर ज्याने वेळेत खर्च केला नाही त्याचा.

वास्तविक, वारस नसलेल्या माणसाची जमीन वरिष्ठाकडे परत जाणे, यासाठी इंग्रजी कायद्यात वेगळा आणि अधिक जुना शब्द होता : ‘एस्चीट’. त्याचेही मूळ ‘पडणे’ याच अर्थाचे आहे. परंतु ‘एस्चीट’ म्हटले की जमीन ज्याच्या पदरात पडते तो सरंजामी धनी डोळ्यांसमोर येतो. ‘लॅप्स’मध्ये पडणारी वस्तू तेवढी दिसते, झेलणारे हात दिसत नाहीत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९६ मध्ये हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत, यावरून ते पूर्णतः समानार्थी मानले जात नव्हते, एवढे स्पष्ट होते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकविधानाला १९२६ पर्यंत स्थानच नव्हते. त्या वर्षीच्या कायद्याने ते प्रथम मान्य झाले. म्हणजे ज्या काळात कलकत्त्यातील अधिकारी हिंदू राजांच्या दत्तकपुत्रांचा निर्णय करीत होते, त्या काळात त्यांच्या मायदेशी दत्तकपुत्र ही कायदेशीर व्यक्तीच नव्हती. ‘नॅचरल’ वारस म्हणजे औरस वारस. तो नसला की वंश संपला, ही त्यांच्या दृष्टीने सरळ गोष्ट होती. याउलट हिंदू धर्मशास्त्रात दत्तकपुत्र पिंडदानाचा आणि वारशाचा अधिकारी आहे. पश्चिम हिंदुस्थानात प्रमाण मानल्या गेलेल्या ‘व्यवहारमयूखा’च्या परंपरेत तर पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेता येतो. अशा समाजात ‘वंश संपला’ हे विधान सहजासहजी करता येत नव्हते. ते करता यावे, यासाठी आधी दत्तकाकडे डोळेझाक करावी लागे.

सातारा : एका राज्याचे चार शब्द

सातारच्या राज्याच्या वाट्याला ही परिभाषा जवळजवळ संपूर्ण आली. फेब्रुवारी १८१८ मध्ये कंपनीने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि पेशवाई संपुष्टात आल्याचे एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्याने सांगितले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना राज्य देण्यात आले. या तहात जे क्रियापद आहे ते ‘सीड’, म्हणजे स्वाधीन करणे; आणि राज्य कोणाला व किती काळासाठी, तर राजास, त्यांच्या वारसांस व उत्तराधिकाऱ्यांस, कायमच्या सार्वभौमत्वाने. ‘परपेच्युअल’ हा शब्द तहात आहे. तहातील इतर कलमांनी राजाचे हात पुरते बांधले होते, हे खरे. तरीही मुदतीच्या बाबतीत तहाची भाषा निःसंदिग्ध होती.

वीस वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, प्रतापसिंहांवर कंपनीविरुद्ध कारस्थान केल्याचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत करण्यात आले व काशीस पाठविण्यात आले. येथील शब्द ‘डिपोज’. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले. ‘डिपोज’ हा कठोर शब्द आहे, परंतु तो एका अर्थाने प्रामाणिकही आहे. त्यात करणारा आहे, ज्याला केले तो आहे, आणि म्हणून आरोप व बचाव यांना जागा आहे. याच जागेचा उपयोग करण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० पासून १८५३ पर्यंत ते तेथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे त्यांनी महाराजांची बाजू मांडली. जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या इंग्रजांनी ती उचलून धरली. राजा निर्दोष आहे हे सिद्ध झाले तर राज्य परत मिळेल, या तर्कावर हा सारा खटाटोप उभा होता. शब्दच असा होता की तो तर्क करता येत होता.

प्रतापसिंह ऑक्टोबर १८४७ मध्ये काशीस वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराजही निधन पावले. त्यांना औरस पुत्र नव्हता. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतला होता. प्रतापसिंहांनीही काशीत दत्तक घेतलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत पस्तीस वर्षांचा लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचे मत दत्तक मान्य करावा असे होते. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याचेही मत तेच होते. राज्याला सर्वांत जवळून पाहणाऱ्या या दोघांचा सल्ला डावलून डलहौसीने ३० ऑगस्ट १८४८ चे आपले मिनिट लिहिले.

या मिनिटात दोन भाषा आहेत. एक कायद्याची. आश्रित संस्थानाला औरस वारस नसेल, आणि हिंदू शास्त्रानुसार झालेल्या दत्तकाला सरकारच्या संमतीवाचून राज्यावर हक्क सांगता येत नसेल, तर ते संस्थान ‘लॅप्स’ होते. असा प्रदेश मिळविण्याची न्याय्य संधी सरकारने दवडू नये. दत्तकपुत्राला खासगी मालमत्ता मिळण्यास हरकत नाही; प्रश्न फक्त राज्याचा आहे. दुसरी भाषा हिशेबाची आहे. सातारा मुंबई इलाख्याच्या दोन प्रमुख लष्करी ठाण्यांच्या मध्ये पडतो. तो घेतल्याने लष्करी सामर्थ्य वाढेल, वसूल वाढेल, कारभार एकसंध होईल. ही दुसरी भाषा सकर्मक आहे. तीत कोणाला तरी काहीतरी हवे आहे. पहिल्या भाषेत मात्र कोणालाच काही नको आहे. वस्तू आपली आपण निसटते. एकाच मिनिटात या दोन्ही भाषा एकमेकींना न भिडता नांदतात, यातच ‘लॅप्स’ या शब्दाची उपयुक्तता आहे. डायरेक्टरांच्या मंडळाने जानेवारी १८४९ मध्ये हा निर्णय कायम केला. काही डायरेक्टरांनी भिन्न मत नोंदविले. हेन्री सेंट जॉर्ज टकर हे त्यांपैकी एक.

डलहौसीने हे तत्त्व शोधून काढले, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. दत्तकाला मान्यता ही सवलत असून ती अपवादानेच द्यावी, असे डायरेक्टरांनी १८३४ मध्येच म्हटले होते. कुलाब्याचे आंग्र्यांचे संस्थान दत्तक नाकारून १८४० मध्ये, म्हणजे डलहौसीच्या आठ वर्षे आधी, कंपनीने घेतले होते. डलहौसीने केले ते इतकेच की, अपवादाने घडणाऱ्या गोष्टीला नियमाचे रूप व सिद्धांताचे नाव दिले. त्याच्या बाजूने एक मुद्दा नमूद करणे न्यायाचे ठरेल. मराठेशाहीतही सरंजामदाराच्या दत्तकाला सरकारची परवानगी लागे आणि त्यासाठी नजर भरावी लागे. डलहौसीचे समर्थक याकडे बोट दाखवीत. परंतु ती रीत प्रामुख्याने नजर घेऊन मान्यता देण्याची होती. नजर घेणाऱ्या धन्याला घराणे चालू राहण्यात लाभ असतो, कारण पुढील पिढीतही नजर मिळणार असते. जुन्या रिवाजाचा आधार घेऊन कंपनीने त्याचा हेतू उलटा केला.

लंडनमध्ये रंगो बापूजींच्या पायाखालची जमीन याच वेळी सरकली. ज्या शब्दाविरुद्ध ते लढत होते तो शब्दच राहिला नाही. ‘डिपोज’ झालेल्या राजाचे निरपराधित्व सिद्ध करता येते. ‘लॅप्स’ झालेल्या राज्याबाबत सिद्ध काय करायचे? आरोपी नाही, आरोप नाही, म्हणून बचावही नाही. शहाजी महाराजांनी कोणताही अपराध केल्याचे कंपनीनेही कधी म्हटले नाही. १८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीस आली. त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः जे अदृश्य झाले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

‘खालसा’ : मराठीचे उत्तर

मराठीने ‘लॅप्स’चे भाषांतर केले नाही. तिने जवळचा जुना शब्द घेतला. ‘खालसा’ हा ‘शुद्ध, निर्भेळ’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून फारसी दप्तरांतून आला. शिखांच्या ‘खालसा’ पंथाचे नावही त्याच मुळाचे. मोगल महसूलव्यवस्थेत ज्या जमिनीचा वसूल जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात जाई ती खालसा जमीन. मराठी दप्तरांत आणि मोल्सवर्थच्या शब्दकोशातही हाच अर्थ आहे : इनाम किंवा जहागीर म्हणून न दिलेले, सरकारकडे राहिलेले गाव वा जमीन. म्हणजे ‘खालसा करणे’ याचा मूळ अर्थ ‘संपविणे’ असा नाहीच. वसुलाची रक्कम एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात मांडणे, एवढाच त्याचा आशय. ही मामलेदार आणि फडणीस यांच्या बोलण्यातली भाषा आहे.

आणि म्हणूनच हा शब्द अचूक बसला. ‘संस्थान खालसा केले’ असे म्हणताना करणारा गृहीत धरलेला असतो. ‘खालसा झाले’ असेही म्हटले जाते, परंतु ते ‘जप्त झाले’ यासारखे आहे. जप्ती करणारा अधिकारी वाक्यात नसला तरी दारात उभा असतोच. राज्य कोणाच्या खजिन्यात गेले, हे ‘खालसा’ या शब्दात आपोआप येते. इंग्रजी शब्दाने जे झाकले होते तेच नेमके मराठी शब्दाने सांगितले. यात कोणाचा भाषिक कावा होता असे मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या इनामे खालसा होताना पाहिलेल्या लोकांना राज्याबाबतही तेच घडताना दिसले आणि त्यांनी तोच शब्द वापरला. मराठी शालेय पुस्तकांत रूढ झालेली ‘दत्तक वारसा नामंजूर’ ही संज्ञाही अशीच आहे. तीत राज्य घसरत नाही. कोणीतरी नामंजूर करतो. हिंदीत ‘व्यपगत का सिद्धांत’ हे शब्दशः भाषांतर आणि ‘हड़प नीति’ हे लोकांच्या रागाचे नाव, अशी दोन टोके शेजारी आढळतात. मराठीतही अलीकडे स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून ‘व्यपगत सिद्धांत’ ही संज्ञा शिरली आहे. विधेयकाबाबत ‘व्यपगत’ हा शब्द योग्यच आहे, कारण सभागृह विसर्जित झाल्यावर ते खरोखर आपोआप रद्द होते. सातारा आणि झाशी यांच्याबाबत तो वापरणे म्हणजे डलहौसीचा पक्ष नकळत मराठीत आणणे होय.

मराठीजवळ कर्ता न सांगणारे शब्द नव्हते असे मात्र नाही. ‘पेशवाई बुडाली’ हा त्यातलाच वाक्प्रचार. वंश बुडतो, नाव बुडते, तसे राज्य बुडते. लक्षणीय गोष्ट अशी की, १८१८ साठी लोकांनी ‘बुडाली’ म्हटले आणि १८४८ नंतरच्या घटनांसाठी ‘खालसा’. पहिली घटना रणांगणावर घडली होती, दुसऱ्या कागदावर. हा भेद शब्दांच्या निवडीत उतरला असे मानण्यास जागा आहे.

नागपूर, झाशी, बिठूर

साताऱ्याचा पायंडा पुढे वेगाने वापरला गेला. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. १८५४ मध्ये राज्य घेण्यात आले. येथे रेसिडेंट मॅन्सेल आणि कौन्सिलचा सभासद जॉन लो यांनी विरोध नोंदविला. वऱ्हाड-नागपूरकडील कापसाचा उल्लेख डलहौसीच्या मिनिटात आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो हवा होता. राज्य तर गेलेच, परंतु राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. नागपूरकरांच्या मनाला राज्य जाण्याइतकाच हा लिलाव लागला. ‘लॅप्स’ झालेल्या वस्तूला बोली लावली जात होती.

झाशीचे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी इंग्रज अधिकाऱ्याच्या समक्ष दत्तक घेतला होता. दामोदरराव हे त्याचे ठेवलेले नाव. १८१७ च्या तहात येथेही वारस व उत्तराधिकारी यांचा उल्लेख होता. राणी लक्ष्मीबाईंनी खलित्यांतून हा तह आणि शेजारच्या ओरछा, दतिया येथील मान्य झालेले दत्तक यांचे दाखले दिले. १८५४ मध्ये जॉन लँग या वकिलाची आणि त्यांची भेट झाली. लँगने नोंदविलेल्या आणि पुढे सर्वतोमुखी झालेल्या त्यांच्या नकारातील क्रियापद ‘देणे’ हे आहे. ते क्रियापद निवडताना राणींनी इंग्रजी परिभाषा मुळातच नाकारली. जे निसटले आहे ते कोणी मागत नाही. जे मागितले जाते तेच देण्याचे वा न देण्याचे असते. दामोदररावांना झाशी कधीच मिळाली नाही. त्यांचे उर्वरित आयुष्य इंदुरास गेले.

बिठूरला तर राज्यही नव्हते. होता तो तनखा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली तेव्हा त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना किमान आठ लाख रुपये ठरले होते. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारल्यावर कंपनीने तनखा ‘सीझ’ झाल्याचे ठरविले. ‘कुटुंब’ या शब्दात दत्तकपुत्र नानासाहेब येतात की नाही, यावर सारा वाद होता. त्यासाठी अझीमुल्ला खान लंडनला गेले आणि तेही रिकाम्या हाताने परतले.

हा सिद्धांत सर्वत्र सारखा लागू झाला नाही, हे करौलीच्या प्रकरणावरून दिसते. राजपुतान्यातील हे संस्थान ‘आश्रित’ नसून ‘संरक्षित मित्र’ आहे, असे डायरेक्टरांनी ठरविले आणि तेथील दत्तक मान्य झाला. दोन विशेषणांतील फरकाने एक राज्य वाचले. अवधचे राज्य १८५६ मध्ये गेले ते मात्र ‘लॅप्स’ने नव्हे, तेथे गैरकारभाराचे कारण दाखवून ते जोडून घेण्यात आले.

‘रिझ्यूम’

राज्यांच्या बरोबरीने इनामांचीही चौकशी सुरू झाली होती. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्यांच्याजवळ सनदा नव्हत्या किंवा ज्यांचा पुरावा अपुरा ठरला त्यांची इनामे परत घेतली जाऊ लागली. या क्रियेचे इंग्रजी नाव ‘रिझम्प्शन’. ‘रिझ्यूम’ म्हणजे एरवी ‘पुन्हा सुरू करणे’. कायद्यात ‘परत घेणे’. घरातून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हक्क संपत असताना सरकारच्या भाषेत काहीतरी पूर्ववत होत होते. ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनीही या खात्यात साहाय्यक इनाम कमिशनर म्हणून काम केले. दक्षिणेतील सरदार-इनामदार वर्गाच्या असंतोषाचा विचार करताना ‘लॅप्स’पेक्षा या शब्दाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण राजे थोडे होते, इनामदार गावोगाव होते.

‘परपेच्युएट’ : १८५८ नंतर

१८५७ च्या उठावानंतर भाषा बदलली. दत्तकाच्या सनदा लॉर्ड कॅनिंगने मुख्यतः १८६२ मध्ये दिल्या. संस्थानिकांची राज्ये चिरस्थायी व्हावीत, त्यांच्या घराण्यांचा मान चालू राहावा, अशी राणीची इच्छा असल्याचे त्यांत म्हटले होते. १८१९ च्या सातारच्या तहातील ‘परपेच्युअल’ हे विशेषण त्रेचाळीस वर्षांनी क्रियापद होऊन परत आले. सनदेत राजनिष्ठेची अट होती, ती अर्थातच महत्त्वाची. तरी वारसाअभावी राज्य संपण्याची भीती गेली.

हा बदल किती मोठा होता, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राला जवळची आहेत. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले. म्हणजे ‘डिपोज’ हा जुना शब्द पुन्हा वापरात आला. राजा गेला, राज्य राहिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक दिला गेला. तेच तिसरे सयाजीराव. कोल्हापुरात १८८४ मध्ये कागलकर घाटगे घराण्यातून दत्तक आले ते शाहू छत्रपती. १८४८ चा नियम चालू राहिला असता तर या दोन्ही गाद्या रिकाम्या ठरल्या असत्या.

ज्या कंपनीने ही परिभाषा रूढ केली तिचा स्वतःचा शेवटही याच काळात झाला. १८५८ च्या कायद्याने तिचे प्रदेश राणीकडे गेले. नंतर ती केवळ भागधारकांना लाभांश वाटण्यापुरती उरली आणि १८७३ च्या कायद्यान्वये १ जून १८७४ रोजी ‘डिझॉल्व्ह’ झाली. तिच्या वारसाचा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९४७ : शब्द उलटतो

१८ जुलै १९४७ रोजी संमत झालेल्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातील कलम ७ मध्ये ‘लॅप्स’ हा शब्द पुन्हा येतो. ब्रिटिश राजाचे संस्थानांवरील अधिराज्य ‘लॅप्स’ होते आणि त्याबरोबर त्यांच्याशी झालेले तह-करारही, असे ते कलम सांगते. शंभर वर्षांपूर्वी संस्थाने ‘लॅप्स’ होत होती. आता त्यांच्यावरची सत्ता ‘लॅप्स’ झाली. शब्द तोच, परंतु अर्थाचा सोयीस्कर भाग बदललेला. १८४८ मध्ये जे निसटले ते ब्रिटिशांच्या हाती पडले. १९४७ मध्ये जे निसटले ते, ब्रिटिश सरकारच्या मते, कोणाच्याच हाती पडावयाचे नव्हते. अधिराज्य नव्या सरकारांकडे सोपविता येत नाही, हे कॅबिनेट मिशनच्या मे १९४६ च्या टिपणीतच सांगितले होते. काँग्रेसच्या नेत्यांना हे मान्य नव्हते. सत्ता ज्याच्याकडे येते त्याच्याकडे तिच्या जबाबदाऱ्याही येतात, अशी त्यांची भूमिका होती.

या वादाची किंमत मराठवाड्याने मोजली. अधिराज्य संपले म्हणजे हैदराबाद स्वतंत्र झाले, असा अर्थ निजामाने काढला. त्या कलमाच्या शब्दांवरून तसा अर्थ काढता येत होता. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा काळ, रझाकारांचा उपद्रव आणि सीमेवरील छावण्या, हे सर्व ‘लॅप्स’च्या या दुसऱ्या आवृत्तीच्या छायेत घडले.

इतर संस्थानांसाठी सरदार पटेलांच्या खात्याने वेगळे शब्द वापरले. प्रथम ‘अ‍ॅक्सेशन’, म्हणजे सामील होणे, नंतर ‘मर्जर’. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आणि बडोदे १ मे १९४९ रोजी. ‘विलीनीकरण’ हा मराठी शब्द सौम्य आहे. मीठ पाण्यात मिसळावे तसा. येथे मात्र संस्थानिकांच्या सह्या होत्या आणि अनेक ठिकाणी प्रजा परिषदांची चळवळ त्यामागे होती. त्यामुळे या शब्दाला लबाडीचा दोष देता येत नाही, जरी सह्या करणाऱ्यांपैकी सर्वजण खुशीत नव्हते.

उरले होते ते तनखे. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे व इतर यांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश अवैध ठरविला. त्यानंतर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६३-अ घालण्यात आला. त्याची शब्दयोजना लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. संस्थानिक म्हणून असलेली मान्यता ‘सीझ’ होते, तनखा ‘अ‍ॅबॉलिश’ केला जातो, आणि त्यासंबंधीचे हक्क व दायित्वे ‘एक्स्टिंग्विश’ केली जातात. ‘लॅप्स’ हा शब्द त्यात नाही. लोकसभा आणि राज्यसभा यांनी दोनतृतीयांश बहुमताने, नावानिशी मतदान करून ते संपविले होते, आणि वृत्तपत्रांनी मथळा दिला तो ‘तनखे रद्द’ असा.